चालीरीतींच्या उगमांचा कार्डसंच: गोड कथा आणि खरे पुरावे

रोजच्या वागण्यातील रीती कोठून आल्या, हे सांगणारा एक कार्डसंच गेले तीन महिने आमच्या घरात वापरात आहे. कार्डाच्या दर्शनी बाजूस एखाद्या रीतीचे रेखाचित्र आणि तिच्याविषयीचा प्रश्न, तर मागील बाजूस तिच्या उगमाची हकिगत, अशी त्याची साधी रचना आहे. रात्रीचे जेवण आटोपल्यावर एक कार्ड काढायचे, आधी प्रत्येकाने आपला तर्क सांगायचा आणि मग मागची बाजू वाचायची, असा आमचा क्रम ठरून गेला आहे. या विषयावरचे बरेचसे लेखन म्हणजे ऐकीव किश्श्यांचे गाठोडे असते, म्हणून हा संच मी प्रामुख्याने एकाच कसोटीवर तपासला: सांगितलेला उगम पुराव्याला धरून आहे, की तो केवळ ऐकायला बरा वाटतो म्हणून छापला आहे?

या कसोटीवर सर्वांत उजळ ठरलेले कार्ड शिंकेचे आहे. कोणी शिंकले की त्याच्यासाठी शुभ चिंतण्याची रीत इ. स. ५९० च्या सुमारास रोममध्ये प्लेगची साथ पसरली असता पोप पहिले ग्रेगरी यांनी सुरू केली, ही सर्वत्र सांगितली जाणारी कथा कार्डावर प्रथम येते. मात्र लेखक तेथे थांबत नाही. इ. स. ७९ मध्ये व्हिसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावलेल्या थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात, शिंकणाऱ्याचे आपण अभीष्ट का चिंततो, असा प्रश्न आधीच विचारून ठेवला होता आणि सम्राट टायबेरियस तर वाहनात बसलेला असतानाही लोकांकडून या शिष्टाचाराची अपेक्षा करीत असे, असेही त्याने नोंदवले होते, हे कार्ड पुढच्याच परिच्छेदात सांगते. म्हणजे पोपच्या कथेहून ही रीत किमान पाच शतकांनी जुनी आहे. एखादी कथा आधी पूर्ण ऐकवायची आणि मग तिच्याहून जुनी नोंद समोर ठेवून ती आपोआप गळून पडू द्यायची, ही पद्धत मला फार आवडली, कारण तीतून उगम कसा शोधावा हेही वाचणाऱ्याला कळते.

लष्करी सलामीचे कार्ड याच तोडीचे आहे. चिलखतधारी सरदार शिरस्त्राणाची झडप वर करून चेहरा दाखवत असत आणि त्यातून सलामी आली, ही समजूत बाजूला ठेवून कार्ड आपल्याला १७४५ मधील ब्रिटिश कोल्डस्ट्रीम गार्ड्सच्या हुकुमाकडे नेते. अधिकाऱ्यासमोरून जाताना सैनिकांनी टोपी काढू नये, फक्त हात टोपीपर्यंत नेऊन किंचित वाकावे, असा तो हुकूम होता. टोपी काढून आदर दाखवण्याची नागरी रीत आखडत जाऊन हाताच्या एका हालचालीवर आली, हे त्यावरून सहज समजते.

दुर्दैवाने इतकी काटेकोर नजर संचात सर्वत्र नाही. हस्तांदोलनाच्या कार्डाने माझी सर्वाधिक निराशा केली. हातात शस्त्र नाही हे दाखवण्यासाठी ही रीत सुरू झाली, असे त्यावर निःशंकपणे लिहिले आहे. वास्तविक त्याच कार्डाच्या दर्शनी बाजूवरील चित्र असिरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर आणि बॅबिलोनचा राजा यांच्या हस्तांदोलनाचे, म्हणजे इ. स. पू. नवव्या शतकातील शिल्पपटाचे आहे. दोन राजांमधील सख्याचे ते दृश्य आहे. प्राचीन ग्रीसमधील थडग्यांवरील शिल्पांत तर मृत व्यक्ती आणि तिचे आप्त एकमेकांचा हात हातात घेतलेले दिसतात, आणि तेथे शस्त्राचा प्रश्नच उद्भवत नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वरिष्ठांपुढे वाकणे आणि टोपी काढणे नाकारून समान दर्जाचे अभिवादन म्हणून हस्तांदोलन स्वीकारले, या महत्त्वाच्या वळणाचा उल्लेखही कार्डावर नाही. पेले एकमेकांवर आपटण्याच्या रीतीचे कार्डही असेच आहे. एका पेल्यातील पेय दुसऱ्यात सांडावे आणि विषप्रयोगाची शंका फिटावी, हा खुलासा तेथे कोणत्याही आधाराविना दिला आहे.

एप्रिल फूलच्या कार्डात तर सरळ कालक्रमाची चूक आहे. फ्रान्समध्ये १५६४ च्या राजाज्ञेने वर्षारंभ १ जानेवारीस ठरवण्यात आला आणि जुनी तारीख पाळत राहिलेल्यांची थट्टा होऊ लागली, असे ते सांगते. परंतु फ्लेमिश कवी एडुआर्ड द डेने याच्या १५६१ मधील एका कवितेत एक सरदार आपल्या नोकराला १ एप्रिल रोजी निरर्थक कामांसाठी धाडतो. राजाज्ञेच्या तीन वर्षे आधी जी थट्टा कवितेत आली, तिचा जन्म त्या राजाज्ञेतून कसा झाला असेल? शिंकेचे कार्ड लिहिणाऱ्याने हे कार्ड एकदा वाचले असते, तरी ही चूक राहिली नसती.

अलीकडच्या काळात जन्मलेल्या रीतींची कार्डे मात्र भक्कम आहेत, कारण त्यांच्यामागे पत्रे, वर्तमानपत्रे आणि जाहिराती उपलब्ध आहेत. टेलिफोनवर ‘हॅलो’ म्हणावे असे एडिसनने १८७७ मध्ये एका पत्रात सुचवले, तर बेल यांची पसंती खलाशांच्या ‘अहॉय’ला होती, ही हकिगत घरात सर्वांना आवडली. साखरपुड्यात हिऱ्याची अंगठी देण्याच्या रीतीचे कार्ड १४७७ मधील ऑस्ट्रियाच्या माक्सिमिलियनपासून सुरू होते, परंतु या रीतीच्या आजच्या सार्वत्रिक प्रसाराचे श्रेय ते १९४७ मध्ये लिहिल्या गेलेल्या जाहिरातीच्या एका वाक्याकडे स्पष्टपणे देते. काट्याने खाण्याचे कार्ड त्रोटक असले तरी टॉमस कोरियट या इंग्रज प्रवाशाने इटलीत ही रीत पाहून १६११ मध्ये तिच्याविषयी लिहिले आणि मायदेशी त्याची थट्टा झाली, एवढे ते नीट सांगते. पांढरा विवाहवेश आणि नेकटाय यांच्या कार्डांत फारसे नवे काही नाही.

सर्वांत मनाला भिडले ते मौनाचे कार्ड. पहिल्या महायुद्धातील मृतांच्या स्मरणार्थ ११ नोव्हेंबर १९१९ रोजी सकाळी ११ वाजता दोन मिनिटांचे मौन पाळले गेले. त्याआधी, १९१८ मध्ये, केप टाउनमध्ये रोज दुपारी तोफेच्या आवाजानंतर सारे शहर स्तब्ध राहत असे. एडवर्ड हनी या पत्रकाराने मे १९१९ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात मौनाची सूचना केली होती, आणि दक्षिण आफ्रिकेतील पर्सी फिट्झपॅट्रिक यांनी केप टाउनचा परिपाठ ब्रिटिश सरकारपर्यंत पोहोचवला. कार्ड या दोघांपैकी एकाला जनक ठरवण्याची घाई करत नाही. ते वाचून झाल्यावर आमच्यापैकी कोणीही लगेच पुढचे कार्ड मागितले नाही.

कार्डांचा कागद जाड असून चित्रे सुबक आहेत, मात्र मागील मजकुराचे अक्षर वयस्कर वाचकांसाठी फार बारीक आहे आणि विषयसूची नसल्याने हवे ते कार्ड शोधावे लागते. दहा-बारा वर्षांपुढील मुलांसह एकत्र वाचण्यासाठी हा संच घ्यावा असे मी निश्चित सांगेन, परंतु हस्तांदोलन, पेले आणि एप्रिल फूल ही तीन कार्डे वाचताना सोबत एखादा चांगला ज्ञानकोश ठेवावा. पुढील आवृत्तीत प्रकाशकांनी प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात त्या रीतीच्या सर्वांत जुन्या ज्ञात नोंदीचे साल छापावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सलामीच्या कार्डावर १७४५ हा आकडा तसा आधीपासूनच ठळकपणे छापलेला आहे.