पत्र्याची शेड घालताय? मापं उभं राहून घ्या

मे महिन्यात आमच्या मालवण तालुक्यात पत्र्याची शेड घालणाऱ्यांना क्षणाची उसंत नसते. पाऊस तोंडावर आलेला, चाकरमानी गावाला आलेले, प्रत्येकाला खळ्यावर पत्रे चढवून हवेत. माझी फसवणूक याच घाईत झाली. भाव ठरला होता २१० रुपये चौरस फूट, पाईप आणि पत्र्यासकट. भावात काहीच खोट नव्हती. खोट होती मापात.

काम झाल्यावर फॅब्रिकेटर लांब टेप घेऊन आला. टेपची पुढची कडी तुटलेली. त्याचा पोरगा दुसऱ्या टोकाला एक फुटाच्या खुणेवर बोट दाबून उभा राहिला. "टोक झिजलाय, म्हणान फूट सोडून धरतंय," असं त्यानेच सांगितलं. यात वावगं काही नाही, चांगले सुतारही असंच करतात. फक्त आलेल्या मापातून तो फूट वजा करायचा असतो. इकडे फॅब्रिकेटरने सरळ ओरडून सांगितलं, "बावीस नऊ! चौदा आठ!" आणि वहीत लिहिलं २२.९ आणि १४.८. गुणाकार मोबाईलवर, ३३८.९२ चौरस फूट. पैसे घेऊन गाडी गेलीसुद्धा.

संध्याकाळी शेजारचे सुतारकाका बिल बघून म्हणाले, "तुझ्या खळ्याक तेवीस फूट खंयसून इले रे?" त्यांनी स्वतःचा टेप लावला, पत्र्याच्या कडेपासून कडेपर्यंत. २१ फूट ९ इंच आणि उतारावरून १३ फूट ८ इंच. दोन्हीकडे बरोबर एकेक फूट कमी.

दुसरी लबाडी त्या टिंबात होती. फुटाचे इंच बारा, दहा नव्हेत. ९ इंच म्हणजे पाऊण फूट, ०.७५, ते ०.९ होत नाहीत. ८ इंच म्हणजे ०.६७. इंचांना बाराने भागून मगच टिंबापुढे लिहायचं. खरा हिशोब २१.७५ गुणिले १३.६७, म्हणजे सुमारे २९७ चौरस फूट. जवळजवळ ४२ चौरस फुटांचे, पावणेनऊ हजार रुपये हवेतले!

तेव्हा माप घेताना शून्याच्या टोकाला तुम्ही स्वतः उभे राहा, निदान घरातलं कोणी तरी. टेप झोळ न पडता ताणलेला हवा, झोळ पडला की आकडा वाढतो. छोट्या पोलादी टेपची पुढची आकडी थोडी हलते, त्यावरून मात्र कुणाशी भांडू नका. बाहेरून अडकवा की आतून टेकवा, आकडीच्या जाडीचा फरक निघून जावा म्हणून ती मुद्दाम ढिली ठेवलेली असते. छपराचं माप उतारावरून धरणार की जमिनीवरून, हे आगाऊ रक्कम देण्याआधी ठरवा. आणि शक्य असेल तर मीटरमध्ये लिहून मागा. ६.६३ मीटर म्हणजे ६ मीटर ६३ सेंटिमीटरच, तिथे टिंबाचा खेळ चालत नाही. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट मिळतात.

मी फोन केला तेव्हा "आमच्याकडे असाच धरतत" हे उत्तर आलं. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करतो म्हटल्यावर स्वर उतरला आणि दोन हप्त्यांत पाच हजार परत आले. बाकीचे अजून "देतंय" वर आहेत.

ही गोष्ट कळल्यावर वाडीतल्या एकाने त्याच माणसाचं गेल्या वर्षीचं बिल काढून दाखवलं. त्याच्या पडवीची रुंदी भरत होती १० फूट ११ इंच. इथे टिंब देऊन १०.११ लिहिलं असतं तर नुकसान फॅब्रिकेटरचं झालं असतं. बिलात सरळ ११ फूट होते.