'सीलबंद किट' म्हणून आपटलेलं विमान गळ्यात मारलं, २९,३५० रुपये गेले

आधी आकडे सांगतो, म्हणजे किरकोळ रकमेसाठी आरडाओरडा चाललाय असं कुणाला वाटायला नको. ॲडव्हान्स १०,०००. माल निघण्याआधी उरलेले १६,५००. वर बॅटऱ्या 'वेगळ्या पाठवायचे' २,८५०. एकूण २९,३५० रुपये. बदल्यात आलं ते एकदा जमिनीत घुसलेलं, हॉट ग्लूने चिकटवलेलं आणि वरून नवी फिल्म (लाकडावर चिकटणारं रंगीत प्लास्टिक) इस्त्री करून झाकलेलं रिमोटवरचं मॉडेल विमान, स्टिकर बदललेली मोटर आणि मरायला टेकलेल्या दोन लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटऱ्या.

जाहिरात छंदवाल्यांच्या ग्रुपवर होती. १.२ मीटर पंखांचं इलेक्ट्रिक थ्रीडी, म्हणजे कसरतींचं विमान, बाल्साच्या हलक्या लाकडाचं एआरएफ किट (सांगाडा तयार, शेवटची जोडणी आपण करायची), पेटी न फोडलेली. सोबत ८५० केव्हीची मोटर (केव्ही म्हणजे दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे), ५० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), पंख-शेपटीचे भाग हलवणारे मेटल गिअरचे चार सर्व्हो आणि ४ सेलच्या २२०० एमएएचच्या दोन बॅटऱ्या. कारण नेहमीचंच, परदेशी चाललोय, सामान काढतोय. भाव नव्या मालापेक्षा थोडाच कमी. फुकटात वाटतोय असं दिसलं असतं तर मी फिरकलोही नसतो. एवढं या प्रकारांबद्दल मलाही कळतं.

आणि माणूस अडाणी नव्हता, याचीच सगळ्यात जास्त चीड येते. बोलायला लागला की ऐकत राहावं. "दादा, पहिल्या फ्लाइटला सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, पुढेच ठेवा, नंतर हळूहळू मागे न्या." "एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या) बिजागऱ्यांना पातळ सीए, म्हणजे सुपरग्लू, दोन्ही बाजूंनी." फायरवॉल, म्हणजे मोटर जिच्यावर बसते ती नाकातली लाकडी पाटी, तिच्याबद्दल तर त्याने मला बजावलं होतं की पाच मिनिटांचं इपॉक्सी वापरू नका, तीस मिनिटांचंच घ्या, मोटरची सगळी ओढ तिथेच येते. ज्याने ती फायरवॉल ग्लू गनने चिकटवून मला विकली, तोच हे सांगत होता! पाच मिनिटं बोलून पारखता येईल असा हा ठग नाही. विषय येतो म्हणून माणूस खरा, असं धरून चालू नका.

ते २,८५० रुपये त्याने कसे काढले तेही ऐका. म्हणाला, लायपो विमानाने जात नाहीत, रस्त्याने वेगळ्या पाठवाव्या लागतील, पॅकिंगही वेगळं. मी नियम शोधून बघितला. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या, लायपोही त्यातच आल्या, २०१६ पासून प्रवासी विमानांतून कार्गो म्हणून नेता येत नाहीत, आणि मालवाहू विमानातून न्यायच्या तर चार्ज ३० टक्क्यांच्या वर नको. म्हणजे त्याचं म्हणणं खरं निघालं आणि मी पैसे भरले. यात माझं काय चुकलं ते कुणीतरी सांगावं. बॅटऱ्या किटच्याच पेटीत, कागदात गुंडाळून आल्या.

आता तो फोटो. हा फोटो आठवला की अजून झोप उडते. पैसे देण्याआधी मी बॅटरीचं वजन मागितलं होतं, कारण लेबलवर काय वाट्टेल ते छापता येतं, वजन मात्र खोटं बोलत नाही. ४ सेलची २२०० एमएएचची बॅटरी साधारण २३० ते २५० ग्रॅमच्या आसपास भरते. त्याने काट्यावर ठेवून फोटो पाठवला: २४२ ग्रॅम. मी आकडा बघितला, समाधान झालं, १०,००० रुपये पाठवले. त्याच फोटोत, काट्याच्या कडेवरून खाली लोंबणारा पांढरा बॅलन्स प्लग (प्रत्येक सेल वेगळा तपासायला चार्जरला लागतो तो) स्पष्ट दिसतोय. वायरी चार. एक लाल, तीन काळ्या. ४ सेलच्या बॅटरीला पाच वायरी असतात, चार असतात त्या ३ सेलच्या. काट्यावर दुसरीच बॅटरी होती. रोज चार्जरला प्लग लावणाऱ्या कुणालाही हे दिसायला हवं, मलाही. पण वजन तपासायला घेतलेल्या फोटोत माणूस वजनच बघतो, वायरी मोजत बसत नाही. त्याने नेमकी हीच सवय हेरली होती. मला पाठवलेली बॅटरी काट्यावर १६८ ग्रॅम भरली. चार्जरवर पूर्ण डिस्चार्ज-चार्ज केल्यावर त्यात १,१४० एमएएच मावले. छोट्या, जुन्या पॅकवर २२०० चं नवं वेष्टन चढवलेलं. दुसरीची तीच कथा.

पेटी आली तेव्हा टेप नवी कोरी होती. काऊल, म्हणजे मोटरवरचं नाकाचं झाकण, पिशवीत वेगळं मिळण्याऐवजी बॉडीवर बसवूनच आलं होतं, चार स्क्रूंसह. एआरएफ किटमध्ये काऊलची भोकं आपण पाडतो, मोटर आणि स्पिनर (पंख्यावरची टोपी) बसवल्यावर, अंतर जुळवून. मी लगेच फोन केला. म्हणाला, नव्या बॅचला भोकं फॅक्टरीतूनच येतात. काही किटना खरंच तशी येतात, म्हणून मी पुढे गेलो. पंखांना जोडणारी नळी 'कार्बन' म्हणून दिली होती. टोकाला पॉलिश पेपर मारून मल्टिमीटर लावला, काहीच नाही. कार्बनमधून वीज जाते, फायबरग्लासमधून जात नाही. काळा रंग मारलेली फायबरग्लासची नळी होती ती. असल्या नळीवर थ्रीडी उडवायचं, हवेत थेट वरून खाली ओढायचं, आणि पंख दुमडले तर खाली कोण उभं असेल ते असो, त्याला काय घेणं?

एव्हाना १६,५०० सुद्धा गेलेले होते, तेव्हा मी पुरावा म्हणून सगळं जोडून टेबलावर चालवून बघायचं ठरवलं. शेपूट टेबलाच्या पायाला बांधली, १२×६ चा, म्हणजे बारा इंची प्रॉप (पुढचा पंखा) लावला, मध्ये करंट-व्होल्टेज दाखवणारा वॉटमीटर, मी मागे उभा. प्रॉपच्या रेषेत कधीच उभे राहू नका, माझी बोटं आणि डोळे त्यामुळेच शाबूत आहेत. अर्ध्या थ्रॉटललाच मीटर ४६ अँपिअर दाखवायला लागला आणि व्होल्टेज १३.१ वर आलं. पूर्ण चार्ज ४ सेल म्हणजे १६.८. आकडा वाचतोय तोवर कट् असा आवाज आला आणि फायरवॉलसकट मोटर पुढे झुकली, प्रॉपने काऊल फाडलं. मी थ्रॉटल बंद केला. फायरवॉल आणि बॉडीच्या मध्ये हॉट ग्लूचे पांढरे धागे लोंबत होते. लाइट प्लायची (हलक्या प्लायवुडची) मूळ चीर जुनी, कडा काळवंडलेल्या, आणि वर झगझगीत पिवळी फिल्म. मोटरवरचा स्टिकर नखाने उचलला तर खाली कोरलेला आकडा १४००. ८५० म्हणून १४०० केव्हीची मोटर! ४ सेलवर बारा इंची प्रॉप लावला तर ती करंट ओढणार नाही तर काय करणार? हवेत फुल थ्रॉटल दिला असता तर ईएससी जळून विमान हाताबाहेर गेलं असतं, कारण सर्व्होंचा वीजपुरवठाही त्याच ईएससीतल्या बीईसी नावाच्या भागावरून होता.

फोटो पाठवले तर आधी "कुरिअरवाल्यांनी आपटलं असेल", मग ब्लॉक. दोनच दिवसांनी कुरिअरकडून बोलतोय म्हणून वेगळ्याच नंबरवरून फोन आला, की नुकसानभरपाई मंजूर झाली आहे, क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. माझं पार्सल खराब आलं हे फक्त त्यालाच माहीत होतं.

यानंतर जे झालं त्याचा संताप ठगापेक्षा जास्त आहे. बँक म्हणते, ट्रान्सफर तुम्हीच केलंत, पिन तुमचा, आम्ही काय करणार. मग समोरचं खातं गोठवायला कुणाकडे जायचं? पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, माल मिळाला ना? मग ही फसवणूक नाही, दर्जाचा वाद आहे, ग्राहक मंचाकडे जा. ग्राहक मंचाला विक्रेत्याचा पत्ता हवा. पत्ता कुरिअरकडे, आणि कुरिअर म्हणतं पाठवणाऱ्याची माहिती पोलिसांनाच देऊ. झाला गोल पूर्ण! अर्ज वाचणाऱ्या साहेबांना 'मॉडेल विमान' कळेना, त्यांनी वर 'ड्रोन' लिहिलं आणि मलाच विचारलं, तुमच्याकडे परवाना आहे का? मी टेबलावर तुटलेली फायरवॉल ठेवली, दोन्ही बॅटऱ्या ठेवल्या, चार वायरींचा फोटो आणि पाच वायरींचा प्लग शेजारी शेजारी दाखवला. "खेळण्यासाठी एवढे पैसे घातलेतच कशाला?" हे उत्तर मिळालं. खेळणं असो की सोनं, लेबल बदलून विकणं ही फसवणूक नाही का? त्या दिवशी अर्जावर पोच मागितली, तीही दिली नाही. दुसऱ्यांदा अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेलो आणि शिक्का मिळेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. तुम्हीही उठू नका. अर्जात ड्रोन हा शब्द येऊ देऊ नका, 'खोटे लेबल लावलेला माल' असंच लिहा. पैसे गेल्याचं कळल्या क्षणी तक्रार करा, कारण खात्यातले पैसे पुढे सरकले की बँक हात वर करते.

ग्रुपचा ॲडमिन तर 'वैयक्तिक व्यवहार' म्हणून मोकळा. त्याच विक्रेत्याच्या जाहिरातीला "ओळखीचा माणूस आहे" म्हणून अंगठा कुणी दिला होता?

पेटी फोडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासून सुरुवात करून. फोटो मागू नका, व्हिडिओ कॉल मागा, आणि त्यात काऊल काढून फायरवॉलची आतली बाजू दाखवायला लावा. मोटरचा स्टिकर नको, कोरलेला आकडा बघा. फिल्मवर बोट फिरवा, खाली लाकडाची कड उंचावलेली लागली तर तिथे जोड आहे. आलेली संशयास्पद लायपो घरात चार्जला लावून झोपू नका.

जाहिरात परवा पुन्हा लागली आहे. नाव वेगळं, नंबर वेगळा, विमान आता लाल-पांढरं, किंमत २७,०००. काट्यावरच्या बॅटरीचा फोटो मात्र तोच आहे, २४२ ग्रॅम, चार वायरी. कुणी ॲडव्हान्स दिला असेल तर उरलेले पैसे आजच थांबवा. आणि कुणी आधीच बुडाला असेल तर गप्प बसू नका, आपल्या भागात तक्रार द्या आणि त्यात हाच फोटो जोडा. एकाच फोटोवर दोन ठिकाणी तक्रार आली तर 'दर्जाचा वाद' म्हणून ती बाजूला टाकणं त्यांना अवघड जाईल.