कॉर्नेल पद्धतीच्या नोट्स: सात महिन्यांनंतर

जूनमध्ये बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हापासून मी कॉर्नेल पद्धतीने नोट्स काढते आहे. आता जानेवारी संपत आला, चौथी वही सुरू आहे. विषय इतिहास, कॉलेज पणजीला, घर साखळीत. चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पुढे सगळे इंग्रजीतून, म्हणजे गोव्यातल्या पुष्कळ मुलांसारखेच.

पहिल्या वर्षी मॅडम बोलतील तो प्रत्येक शब्द मी उतरवून घ्यायचे. वह्या भरल्या, पण परीक्षेआधी वाचायला बसले की ती वाक्ये दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखी वाटायची.

ही पद्धत अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात बसवली. पानाच्या डावीकडे साधारण ६ सेंमीची पट्टी सोडायची, तळाला ५ सेंमी. वर्गात फक्त उजवीकडे लिहायचे. घरी आल्यावर डाव्या पट्टीत प्रश्न आणि तळाला दोन-तीन ओळींत सार. मग उजवी बाजू झाकायची आणि प्रश्न वाचून उत्तर तोंडाने द्यायचे.

सुरुवातीचे दोन महिने माझे चुकतच होते. डाव्या पट्टीत मी नुसती शीर्षके लिहायचे. ‘ओपिनियन पोल’ (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचे मतदान) असे लिहिले की झाले! उजवीकडे तारीख होती, १६ जानेवारी १९६७. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, संघप्रदेशाचे (केंद्रशासित राहण्याचे) दोन पाने. मते अनुक्रमे १,३८,१७० आणि १,७२,१९१. आकडे पाठ झाले, पण कुणी ‘का’ विचारले असते तर मी गप्प बसले असते.

ऑगस्टमध्ये एकदा तेच पान काढून डावीकडे मराठीत लिहिले: ‘विलीनीकरण हरले, मग त्याच वर्षीच्या निवडणुकीत मगो पुन्हा सत्तेवर कसा आला?’ मगो म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, विलीनीकरण मागणारा. उत्तर शोधताना लक्षात आले की दोन्ही वेळी लोकांपुढचा प्रश्नच वेगळा होता. एकदा गोवा वेगळा ठेवायचा की नाही, आणि दुसऱ्यांदा राज्य कुणी चालवायचे. ते मला कळले, आणि आजही वही न उघडता सांगता येते.

तेव्हापासून उजवी बाजू इंग्रजीत आणि डावी मराठीत. माझ्यासाठी या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच ठरली. इंग्रजी वाक्य न समजताही उतरवता येते, पण त्यावर आपल्या भाषेत प्रश्न काढायचा तर समजून घ्यावेच लागते. कोमुनिदाद म्हणजे जुनी गावकरी, गावाची जमीन सामाईक सांभाळणारी संस्था. तिच्यावरच्या लेक्चरमध्ये १५२६चा फोराल (गावकरीचे रिवाज नोंदवणारी पोर्तुगीज सनद) मी नीट लिहून घेतला होता, पण डावीकडे ‘आमची गावकरी यात कुठे बसते?’ असे लिहिले तेव्हा तो विषय माझा झाला.

प्रश्न त्याच दिवशी लिहायचे, ही अट मात्र खरी आहे. मी ते माशेल ते साखळी बसमध्ये करते. तोवर बसायला जागा मिळते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत आठ दिवस वही उघडली नाही. परत आल्यावर ज्या पानांवर प्रश्न होते ती पटकन आठवली, ज्यांवर नव्हते ती मुळापासून वाचावी लागली. २००६मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगातून हेच दाखवले होते: पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्यानंतर घेतली तर स्वतःला विचारून पाहणारे. आयएसएला (सत्राच्या मधल्या अंतर्गत चाचणीला) मला या फरकाचा सरळ उपयोग झाला.

अडचणीही सांगते. लाँगबुकची छापील समास-रेघ फार अरुंद असते. पट्टीने रेघा मारण्यात वेळ जायचा, म्हणून आता पान डावीकडून दुमडते. घडीचीच रेघ होते. पावसात जेल पेन वापरू नका, दमट पानावर अक्षर पसरते. अर्थशास्त्राच्या आलेखांना उजवी बाजू पुरत नाही, तिथे मी अख्खे पान घेते. आणि शिक्षक नोट्स सांगून लिहवून घेत असतील तर वर्गात विचार करायला उसंतच मिळत नाही. अशा तासांना सगळे काम घरी येऊन पडते.

तळाचा सारांश मला अजून रोज जमत नाही. या सत्रात तो फक्त शनिवारी लिहिते, आठवड्याची सगळी पाने समोर घेऊन, आणि डाव्या पट्टीतले जे प्रश्न अडले त्यांच्यापुढे फुली मारून ठेवते. सोमवारी मॅडमना विचारायला तीच फुलीची पाने नेते.