आधी पुस्तक, की आधी पडदा?

एखाद्या कादंबरीवर सिनेमा येतोय असं कळलं की प्रश्न निघतोच: आधी वाचायचं की आधी बघायचं? पट्टीचे वाचक क्षणाचाही विचार न करता सांगतात, आधी पुस्तक. माझंही मत बरीच वर्षं तेच होतं. बहुतेक वेळा मी आजही पुस्तकाच्याच बाजूने आहे. पण काही पुस्तकांच्या बाबतीत उलटा क्रम जास्त सुख देतो, आणि ती कोणती याचा अंदाज वाचायला बसण्याआधीच बांधता येतो.

कुठलाही क्रम घेतला तरी काहीतरी हातचं जातंच. आधी वाचलं तर सिनेमा बघताना पुढे काय होणार हे ठाऊक असतं. आधी पाहिलं तर वाचताना माणसांचे चेहरे, घरं, वाटा आपल्या मनाने उभ्या करण्याची मोकळीक जाते. यातलं काय गेलेलं तुमच्या जिवाला जास्त लागतं, हे आधी स्वतःला विचारा.

चेहरे

रॉबर्ट ब्लॉक यांची 'सायको' ही कादंबरी १९५९ची, हिचकॉकचा सिनेमा १९६०चा. कादंबरीतला नॉर्मन बेट्स चाळिशीचा, स्थूल, चष्मा लावणारा माणूस आहे. पडद्यावर आला अँथनी पर्किन्स: तरुण, सडपातळ, लाजरा. मी सिनेमा आधी पाहिला होता. नंतर पुस्तक हातात घेतलं तेव्हा लेखक एका जाड्या, अवघडलेल्या माणसाचं वर्णन करत होता आणि माझ्या डोळ्यांसमोरून पर्किन्स काही केल्या हलत नव्हता. लेखकाने नीट लिहिलेली वाक्यं मी वाचत होतो, पण ती माझ्यापर्यंत पोचत नव्हती. त्या कादंबरीचं हे नुकसान माझ्याकडून झालं, याची मला आजही चुटपुट लागून आहे.

आधी वाचलेल्या माणसाचं असं होत नाही. पडद्यावरचा चेहरा मनातल्यापेक्षा वेगळा निघाला की सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं खटकत राहतं. नट ताकदीचा असेल तर पुढे दोन्ही चेहरे मनात शेजारी शेजारी नांदतात. वाचताना आपण रचलेलं चित्र मुळात थोडं पुसट असतं, ते सरकून जागा देतं. पडद्यावरचं चित्र एकदा बसलं की हटत नाही. म्हणून या एका बाबतीत पारडं पुस्तकाकडे स्पष्टपणे झुकतं.

उत्सुकता

इथे पारडं सिनेमाकडे झुकतं, पण लोक समजतात तितकं नाही. त्याच 'सायको'च्या वेळी हिचकॉकने सिनेमा सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये असा दंडक घातला होता, इतकं त्याला त्या धक्क्याचं मोल होतं. दुसऱ्या बाजूला, २०११मध्ये सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. शेवट आधी सांगितलेल्या लघुकथा वाचकांना एकंदरीत थोड्या जास्तच आवडल्या, असं त्यात दिसलं. नंतरच्या काही प्रयोगांत याच्या उलटही निघालं, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवायला नको. पण चांगली गोष्ट शेवट माहीत असूनही खेचून घेते, हा अनुभव पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या प्रत्येकाला आहे.

शिवाय वाचलंय म्हणजे शेवट माहीत आहे, असंही नसतं. प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाड़ी' या कथेचा शेवट सत्यजित राय यांनी १९७७च्या सिनेमात बदलला. स्टीफन किंगच्या 'द मिस्ट'चा शेवट २००७च्या सिनेमात बदलला. काय बदललं ते इथे सांगत नाही. दोन्हींच्या बाबतीत मी एवढंच म्हणेन की वाचून गेलेल्या प्रेक्षकाला शेवटची मिनिटं जास्त हलवतात, कारण तो वेगळ्याच गोष्टीची वाट बघत असतो.

तरीही ज्या कथेचा सगळा डोलारा एकाच गुपितावर उभा आहे, तिथे ते गुपित एकदाच उलगडतं. ज्या रूपात ते जास्त चांगलं बांधलंय असं जाणकार सांगतात, ते आधी घ्या.

आवाज

माझ्या लेखी निर्णय बहुतेक वेळा इथे होतो. पुस्तक उघडा, पहिली दोन पानं वाचा आणि बघा, तुम्हाला धरून ठेवतंय ते काय? घटना, की सांगणाऱ्याचा आवाज?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद ती सांगतो. तो वर्गात काय करतो, कुणाकडे बघतो, हे सिनेमा दाखवू शकतो, आणि सुजय डहाकेच्या सिनेमाने ते मनापासून दाखवलंय. पण मुकुंद स्वतःशी जे बोलतो, मोठ्यांबद्दल मनातल्या मनात जे ठरवतो, ते त्या भाषेतच जिवंत आहे. पडद्यावर त्यासाठी मागून आवाज द्यावा लागतो, आणि तो सतत दिला तर सिनेमाचा जीव गुदमरतो.

आर. के. नारायण यांच्या 'गाइड'चंही तसंच. १९५८च्या या कादंबरीत राजूचा भूतकाळ राजू स्वतः सांगतो आणि वर्तमान लेखक सांगतो. एकाच माणसाकडे आतून आणि बाहेरून आळीपाळीने बघायला मिळतं, आणि सगळी गंमत त्या अदलाबदलीत आहे. १९६५चा सिनेमा फार मोठा, मलाही अत्यंत प्रिय. पण तो मालगुडीचं लहानसं जग सोडून राजस्थानच्या वैभवात गेला. नारायण यांना ते रुचलं नाही आणि त्यांनी त्यावर लेखही लिहिला. आधी कादंबरी वाचली असेल तर दोन्हींवर जीव जडू शकतो. आधी सिनेमा पाहिला असेल तर कादंबरी फिकी, बेताची वाटण्याचा धोका असतो, आणि तो तिच्यावर अन्याय आहे.

असा आवाज सापडला की दुसरा विचार नको. आधी वाचा.

पानांचा हिशेब

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. दोन तासांचा सिनेमा म्हणजे सव्वाशेच्या आत पानं. चारशे पानांच्या कादंबरीतून काय गळणार ते यावरूनच कळतं. 'गॉडफादर'च्या १९६९च्या कादंबरीत माफियाप्रमुख व्हिटोच्या तरुणपणाची कहाणी आहे. १९७२च्या सिनेमात ती नाही, ती १९७४च्या दुसऱ्या भागात आली. उलट 'हॉबिट' हे एकच पुस्तक २०१२ ते २०१४ या काळात तीन सिनेमांत ताणलं गेलं. कथा लहान असेल तर प्रश्न सोपा आहे: तासाभरात वाचून होते, वाचूनच जा.

सिनेमा आधी कधी?

ज्या पुस्तकात माणसं, गावं, घराणी यांची गर्दी आहे आणि तुम्ही दोनदा सुरू करून साठाव्या पानावर सोडून दिलंय, तिथे सिनेमा आधी बघा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'सारख्या पुस्तकात नावं लक्षात ठेवण्यातच निम्मी शक्ती जाते. नावाला चेहरा मिळाला की वाचन सुरळीत होतं. 'सायको'मध्ये ज्या चेहऱ्याने माझी वाट अडवली, तसलेच चेहरे इथे बोट धरून चालवतात.

मराठीतलं याचं उत्तम उदाहरण 'सिंहासन'. जब्बार पटेलांचा १९७९चा सिनेमा अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, पटकथा विजय तेंडुलकरांची. सिनेमा आधी बघा. नंतर कादंबऱ्या वाचताना सलग वाटलेली ती गोष्ट दोन पुस्तकांतून कशी विणली गेली, कुठला धागा उचलला आणि कुठला सोडला, हे पानागणिक उलगडत जातं. पटकथा लिहिणं म्हणजे काय, हे मला या क्रमाने जेवढं समजलं तेवढं दुसऱ्या कशानेच समजलं नाही.

पुस्तकाची भाषा अवघड जात असेल, तरीही सिनेमा आधी पाहायला हरकत नाही.

मधलं अंतर

क्रम कुठलाही असो, पुस्तक संपवून त्याच आठवड्यात सिनेमाला जाऊ नका. प्रत्येक प्रसंग ताजा असतो आणि मन नुसती हजेरी घेत बसतं: हा आला, तो गाळला, हिचं नाव बदललं. अशाने चांगला सिनेमाही नजरेतून उतरतो. महिना-दोन महिने जाऊ द्या. तपशील विरतात, गोष्टीचा भाव उरतो, आणि त्या भावाशी सिनेमा इमान राखतो की नाही हे निवांत बघता येतं.

आणि तिकीट परवाचं असेल, पुस्तक अजून उघडलेलंही नसेल तर? रात्रभर जागून संपवायच्या मागे लागू नका. धावत वाचलेल्या पुस्तकातून फक्त घटना हाती लागतात, आणि त्या तर सिनेमात दिसणारच आहेत. पहिली पन्नासेक पानं सावकाश वाचा आणि खूण घालून ठेवा. तेवढ्यात सांगणाऱ्याचा आवाज कानात बसतो, मुख्य माणसांचे चेहरे तुमचे तुम्ही रचता, आणि शेवट अजून झाकलेलाच राहतो. सिनेमा पाहून आल्यावर खुणेच्या पानापासून नको, पुन्हा पहिल्या पानापासून सुरू करा. वाचून झालेली पन्नास पानं तुम्हाला अजून तुमच्याच चेहऱ्यांनी दिसतायत का, ते तिथेच कळेल.