मुलीचं आडनाव बदलायच्या नादात १९,००० गेले, वर खोट्या शपथपत्रावर माझी सही

इंदूरमध्ये ज्या कोणा बाईला एकटीला मुलाचं आडनाव बदलायचं असेल तिने हे आधी वाचा, मग कोणाला पैसे द्या.

मुलगी सहा वर्षांची असताना तिचा बाप घर सोडून गेला. घटस्फोट नाही, पत्ता नाही, एक पैसा नाही. आता ती नववीत आहे, सीबीएसईत नववीच्या रजिस्ट्रेशनला जे नाव जातं तेच दहावीच्या मार्कशीटवर येतं, आणि तिला माझ्या माहेरचं आडनाव हवं होतं. शाळेने पंधरा दिवस दिले. कोणी म्हणेल वकिलाकडे का नाही गेलीस, तर गेले होते, दोघांना विचारलं, दोघांनी सहा महिने ते वर्ष सांगितलं आणि कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेला हा माणूस म्हणाला दहा दिवस. माझ्या जागी कोणीही असतं तरी तिथेच गेलं असतं.

त्याने मोबाइलवर सुप्रीम कोर्टाचा २०२२ चा निकाल दाखवला, मुलाचं आडनाव ठरवायचा हक्क आईला आहे म्हणून. निकाल खरा आहे हो. पण त्यातली आई विधवा होती, ते त्याने सांगितलं नाही.

शपथपत्र आणि नोटरीचे २,५००, दोन पेपरांत जाहिरातीचे ४,०००, हे रोख. मग गॅझेटची (सरकारी राजपत्रात नावबदल छापायची) फी ९,५०० आणि "भोपाळला माणूस पाठवावा लागतो" म्हणून ३,०००, हे यूपीआयने. पावती एकाचीही नाही.

आता जे आठवून रात्री झोप लागत नाही ते. शपथपत्र हिंदीत टाइप केलेलं होतं आणि नवऱ्याच्या नावाआधी 'स्व.' लिहिलेलं. मी वाचलं, त्यावर बोट ठेवलं, म्हटलं भैया ये तो जिंदा हैं, दिवाळी में सासूबाई को फोन आया था. तर म्हणतो, "दीदी, सात साल से ऊपर हो गए, कानून में मरा हुआ ही मानते हैं." आणि मी सही केली. गळ्यात मंगळसूत्र असताना नवरा मेला असं लिहून दिलं. सात वर्षांचा नियम आहे, पण सात वर्षं ज्याची कोणालाच काही खबर नाही त्याच्यासाठी, आणि ते कोर्ट ठरवतं, टेबलवाला नाही.

दहाव्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली, वर 'भारत का राजपत्र'. शाळेतल्या बाबूने ई-गॅझेटच्या सरकारी साइटवर नंबर टाकला, काहीच निघालं नाही. ती साइट फुकट आहे, पैसे द्यायच्या आधी बघा! भारताचं राजपत्र दिल्लीहून निघतं, मध्यप्रदेशचं भोपाळहून, त्याने पैसे घेतले भोपाळच्या नावाने आणि कागद दिला दिल्लीचा, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

ठाण्यात गेले तर साहेब म्हणाले लेन-देन का मामला है, कोर्ट जाओ. दुसऱ्यांदा गेले तर म्हणे झूठा शपथपत्र तो आपने दिया है, रिपोर्ट लिखी तो आप भी फसोगी. म्हणजे फसवणारा घरी आणि आरोपी मी! मंगळवारच्या जनसुनावणीत दोन तास लाइनीत उभी राहून अर्ज दिला, तो फिरून त्याच ठाण्यात आला. हेल्पलाइनवर तक्रार केली तर चार दिवसांनी मेसेज, 'शिकायत का निराकरण हुआ'. कसलं निराकरण? कोणी मला विचारलं तरी का? यूपीआयचे पैसे असतील तर त्याच तासात १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन करा, मी अकरा दिवसांनी केला.

आणि सगळ्यात जास्त राग याचा येतो की खोटं बोलायची गरजच नव्हती. विधी सेवा प्राधिकरणात (जिल्हा कोर्टात असतं, बायकांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन १५१००) तिथल्या वकीलबाईंनी सांगितलं की सुप्रीम कोर्टाच्या १९९९ च्या गीता हरिहरन निकालाप्रमाणे बाप जिवंत असून मुलाकडे बघतच नसेल तरी आई पालक धरली जाते. फॅमिली कोर्टात पालकत्वाचा अर्ज करायचा, पत्ता माहीत नसेल तर कोर्टाच्या परवानगीने पेपरात नोटीस. वेळ लागतो, पण कागद खरा मिळतो. रिकाम्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका, मूळ प्रत कोणाकडे ठेवू नका.

माझा अर्ज आता लागलाय. मुलीचं रजिस्ट्रेशन जुन्याच आडनावाने गेलं. त्या माणसाचा फोन बंद आहे, टेबल तिथे नाही, आणि 'स्व.' लिहिलेल्या शपथपत्राची मूळ प्रत अजून त्याच्याकडेच आहे.