दोन रीड्रायव्हरमध्ये कपॅसिटर की सरळ ट्रेस?

लिंक लांब असली की वाटेत एकामागोमाग दोन रीड्रायव्हर (क्षीण झालेला वेगवान सिग्नल पुन्हा जोरकस करणाऱ्या चिप) येतात. पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला सरळ जोडलं तर पार्ट वाचतात, जागा वाचते, मोह होणारच. तरी पीसीआय एक्सप्रेस आणि यूएसबी ३ साठी माझं मत पक्कं आहे: डीसी कपलिंग (मध्ये कपॅसिटर नसलेली सरळ जोडणी) चालतं असं दोन्ही डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर कपॅसिटर घालाच.

खरा प्रश्न कॉमन-मोड व्होल्टेजचा, म्हणजे जोडीतल्या दोन्ही तारांच्या सरासरी पातळीचा आहे. आउटपुट आपल्या पातळीवर बसतं, इनपुटचं बायस चिपच्या आत वेगळं ठरतं. समजा या दोन पातळ्यांत ०.६ व्होल्टचा फरक आहे. दोन्ही टोकांची ५० ओहमची टर्मिनेशन (तारेच्या टोकाचे रेझिस्टर) धरली तर प्रत्येक तारेतून ६ मिलिअँपिअर सतत वाहत राहतील आणि इनपुटची पातळी जागेवरून सरकेल. मग इक्वलायझर (ट्रेसमधली घट भरून काढणारं सर्किट) कितीही फिरवा, आय (० आणि १ वेगळे ओळखू येतील अशी सिग्नलमधली मोकळी जागा) उघडत नाही. दोन्हीकडे एकच पार्ट नंबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एकाच चिपचं आउटपुट आणि इनपुट वेगवेगळ्या पातळीवर असू शकतं. शिवाय एकीचा सप्लाय आधी आला, तर दुसरीच्या प्रोटेक्शन डायोडमधून करंट शिरू शकतो. कपॅसिटर हे दोन्ही अडवतो.

रिसीव्हर डिटेक्ट, म्हणजे पलीकडे रिसीव्हर जोडलेला आहे का ते ओळखणं, मात्र बरेचजण विसरतात. ट्रान्समीटर कॉमन-मोड हलवतो आणि लाइन किती वेगानं चार्ज होते ते पाहतो. पलीकडे टर्मिनेशन असेल तर कपॅसिटरमुळे वेळ लागतो. नसेल तर फक्त ट्रेसची किरकोळ कपॅसिटन्स लगेच भरते. ही मोजणी कपॅसिटर आहे असं गृहीत धरते. तो काढलात तर निकाल चुकू शकतो आणि लिंक उठतच नाही.

‘दोन कपॅसिटर सिरीजमध्ये येऊन किंमत निम्मी होईल’ ही शंका नेहमी येते. मध्ये रीड्रायव्हर असेल तर तसं होत नाही, कारण प्रत्येक तुकड्याला स्वतःचा ड्रायव्हर आणि स्वतःचं टर्मिनेशन असतं. एकाच तुकड्यात दोन्ही टोकांना २२० नॅनोफॅरड बसवलेत तर मात्र ११० उरतात आणि पीसीआय एक्सप्रेस ३ ची १७६ ते २६५ ची मर्यादा मोडते.

कपॅसिटरचा तोटाही आहे. प्रत्येक टप्पा एक हाय-पास फिल्टर होतो. १०० ओहम आणि २२० नॅनोफॅरडला कटऑफ साधारण ७ किलोहर्ट्झ येतो, तेव्हा बेसलाइन वाँडरची (सिग्नलची मधली पातळी हळूहळू सरकण्याची) भर थोडीच. पॅडचा त्रास जास्त: ट्रेसपेक्षा रुंद पॅडखाली इम्पिडन्स खाली जातो. म्हणून ०२०१ हा छोटा साइझ घ्या, पॅडखालचा ग्राउंड कापा, जोडीतले दोन्ही समोरासमोर ठेवा. निर्णय लांबवायचा असेल तर त्याच पॅडवर शून्य ओहमचे रेझिस्टर लावून सरळ जोडणीही तपासता येते. पॅडचा परिणाम तेवढा राहतो.

एचडीएमआयच्या टीएमडीएसमध्ये (चित्राचा डेटा नेण्याच्या पद्धतीत) उलटं आहे. तिथे रिसीव्हर ५० ओहममधून ३.३ व्होल्ट देतो आणि ट्रान्समीटर फक्त करंट खेचतो, म्हणजे डीसी मार्ग लागतोच. एसी-कपल्ड इनपुटसाठीच बनवलेली चिप नसेल, तर तिथे सरळ ट्रेसच ठेवा.