ओपेथ या स्वीडिश मेटल बँडचा एकच अल्बम घ्यायचा असेल तर: ब्लॅकवॉटर पार्क की हेरिटेज?

मामेभाऊ चार दिवसांपासून विचारून राहिला की दादा, पैसे एकाच व्हिनाइलपुरते आहेत, कोणतं घेऊ, तर एकदाचं नीट लिहून काढतो.

२००१ चा ब्लॅकवॉटर पार्क म्हणजे आठ गाणी, तासाच्या वर. बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्ट एकाच गाण्यात पोटातून ग्रोल, म्हणजे गुरगुरल्यासारखा घोगरा आवाज, काढतो आणि थोड्या वेळानं अकूस्टिक गिटारवर इतकं मऊ गातो की वाटतं गायक बदलला. २०११ चा हेरिटेज पियानोनं सुरू होतो, मग हॅमंड ऑर्गन, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा जुना कीबोर्ड), एका गाण्यात बासरी, आणि ग्रोल एकही नाही. तेव्हा खूप फॅन भडकले, बँड संपला म्हणे.

मीही त्यातलाच. मे महिन्यातली दुपार, कूलर फुल स्पीडवर, त्यात हेरिटेज स्पीकरवर लावला, सुरुवातीचा पियानो तर कूलरच्या घरघरीत ऐकूच आला नाही अन् मी प्रत्येक गाण्यात आता ग्रोल येईल, आता येईल करत बसलो, आला नाही, बंद केला, दोन वर्षं हात लावला नाही. मग एका रात्री लाइट गेली, गच्चीवर गादी टाकून हेडफोनवर परत लावला तेव्हा पहिल्यांदा कळलं की ड्रम्स किती कोरडे, जवळ वाजून राहिलेत, बोटं तारांवरून घसरल्याचा आवाजसुद्धा येतो.

खरं तर ब्लॅकवॉटर पार्क हे नावच सत्तरच्या दशकातल्या एका जर्मन रॉक बँडचं आहे, म्हणजे जुन्या प्रॉगचं (प्रोग्रेसिव्ह रॉकचं) वेड तेव्हाही कव्हरवरच छापलेलं होतं. दोन्हीत ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनचा हात आहे, आधीच्यात प्रोड्युसर म्हणून, नंतरच्यात मिक्सिंगला. आणि २००३ चा डॅम्नेशन पण बिनग्रोलचाच की, तो लोकांनी डोक्यावर घेतला, मला वाटतं कारण त्याच्या काही महिने आधी डिलिव्हरन्स आला होता, जड खुराक मिळालेला होता. हेरिटेज एकटाच आला. २०२४ च्या अल्बममध्ये ग्रोल परत आला, तेव्हा रुसलेले बरेच जण परतले.

तर तू मेटलवरून येऊन राहिला, आयर्न मेडन-मेटालिका ऐकून, तर डोळे झाकून ब्लॅकवॉटर पार्क घे, त्यात दोन्ही ओपेथ एकाच ठिकाणी मिळतात आणि पैसे एकदाच जाणार असतील तर माझं मत तेच. ज्याला ग्रोल अजिबात सहन होत नाही, जुने डीप पर्पल वगैरे रॉक बँड आवडतात, त्यानं मन मारून तो घेऊ नये, त्याच्यासाठी हेरिटेजच.

आणि हेरिटेज मोबाइलवर तरी ऐकच, पण रात्री, हेडफोन लावून, कूलर बंद करून.